चार वाजताचे पाय

मोजा घालताना माझा तोल गेला. झालं ते एवढंच. पडलो नाही, लागलं नाही, कुठे खरचटलंसुद्धा नाही. सकाळी उठून पलंगाशेजारी उभा राहिलो, डावा पाय वर घेतला, मोज्याचं तोंड बोटांनी ताणलं आणि उजव्या पायाखालची जमीन कुणीतरी हलकेच बाजूला घेतली. खांदा कपाटावर आपटला, कपाटाचं दार खणखणलं, आणि नेमकी तेव्हाच सून हे-रिम भाज्यांचे डबे ठेवायला आलेली. बायको गेल्यापासून ती आठवड्यातून दोनतीनदा, चष्म्याच्या दुकानात कामाला जाण्याआधी, माझा फ्रीज भरून जाते. ती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती आणि मी एका पायात मोजा घालून कपाटाला चिकटलो होतो. "बाबा!" ती ओरडली. मी म्हटलं, "काय बाबा? मोजा घालतोय." "कपाटाला टेकून?" "माझं कपाट आहे. मी टेकेन नाहीतर मिठी मारेन." ती हसली नाही. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट माझ्या मुलाकडे, ग्यू-हानकडे पोचली, रात्रीपर्यंत फोहांगला माझ्या धाकट्या भावाकडे, आणि पोचता पोचता तिचं नाव बदललं. 'बाबा पडले.' आता कितीही सांगा, मी पडलो नव्हतो, ते ऐकायला कुणी तयार नाही. जो सांगतो मी पडलो नाही, तो पडलेलाच असणार, असं सगळ्यांनी आपसात ठरवून टाकलंय.

खरी गोष्ट वेगळी आहे आणि ती मला पावसाळ्यापासून ठाऊक आहे. माझे पाय सकाळी माझे नसतात. उठल्यावर बराच वेळ ते कुठेतरी बाहेर असतात. मी उभा राहतो, चालतो, दात घासतो, पण एक हात बेसिनवर ठेवून, आणि वळताना आधी मान वळवून, मग खांदे, मग बाकीचा मी. दहा वाजून गेले की जरा बरं वाटू लागतं. जेवणानंतर डुलकी काढून उठलो की घोट्यांत काहीतरी जागेवर बसतं, आणि चारच्या सुमाराला तर मी खोलीच्या मधोमध, कशालाही न धरता, उभ्याउभ्या पँट चढवतो. बार्लीचा चहा उकळेपर्यंत एका पायावर उभा राहतो. मुद्दाम राहतो. समोर कुणी नसतं म्हणून जास्तच रागाने राहतो. माणूस तोच, फरशी तीच, गोळ्या त्याच, आणि एका दिवसात मी दोन म्हातारे होतो. त्यातला पहिला लोकांना दिसतो आणि दुसरा मला एकट्याला. मी देगूच्या रस्त्यांवर आयुष्यभर बस चालवली. समोरच्या आरशात मला लोकांचे तोल दिसायचे. बाजाराच्या वळणावर सगळी बस एका बाजूला झुकायची आणि परत उभी राहायची, आणि मी एकटा खुर्चीत बसलेला, चाक हातात धरून, कुठेही न झुकता. तोल म्हणजे उभ्या माणसांची अडचण, असंच मला वाटत आलं. तो दिवसात वेळ पाहून येतो-जातो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला म्हटलं असतं, मागे सरका, दार बंद होतंय.

ग्यू-हानने सुट्टी काढून मला दवाखान्यात नेलं. नंबर मिळाला तो दुपारी तीननंतरचा. मी फोनवरच सांगत होतो, सकाळचा घे. तो म्हणाला, "बाबा, सण तोंडावर आलाय, सकाळचे सगळे नंबर गेले. आणि तोल सकाळी काय, दुपारी काय, तोलच ना?" तिथे एक तरुण डॉक्टर होता, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. त्याने मला एका सरळ रेषेवरून टाच-बोट, टाच-बोट चालवलं. मी चाललो. डोळे मिटून उभं केलं. मी उभा राहिलो. एका पायावर उभं राहा म्हणाला, आणि मी इतका वेळ राहिलो की शेवटी त्यालाच म्हणावं लागलं, "बस बस, आजोबा, पुरे." वर ग्यू-हानकडे वळून म्हणाला, "साठीतल्या माणसासारखे आहेत." मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. मी म्हटलं, "डॉक्टर, हे माझे दुपारचे पाय आहेत. सकाळचे घेऊन येतो, ते तपासा." तो समजूतदारपणे हसला. म्हणाला, "होतं असं. कुणाचं सकाळी होतं, कुणाचं संध्याकाळी. झोप, रक्तदाब, गोळीची वेळ, बरंच काही असतं. सकाळी सावकाश उठत जा." "सकाळी सावकाश उठून कसं चालेल? आमच्या घरी पितरांना नमस्कार सकाळी असतो." "मग सावकाश नमस्कार करा," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. गाडीत बसल्यावर ग्यू-हानने पट्टा लावला. मग हळूच म्हणाला, "शरीरात काही नाही, हे तर चांगलंच झालं. म्हणजे मनाचं असेल. आई गेल्यापासून तुम्ही..." मी विचारलं, "मन कुठे असतं रे? डाव्या घोट्यात?" त्याने गाण्याचा आवाज वाढवला.

म्हणजे डॉक्टरच्या लेखी मी ठणठणीत, म्हणून औषध नाही. घरच्यांच्या लेखी मी पडणारा, म्हणून नमस्कार नाही. दोन्हीकडून दार बंद, आणि मधल्या पायरीवर मी एकटा चरफडत उभा. आणि ज्या नमस्कारावरून हे सगळं चाललं होतं, त्याबद्दल मी कुणाला पूर्ण सांगितलंही नव्हतं. छुसॉकच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या, सकाळी नव्या तांदळाचा भात, सोंगप्यनच्या वाफवलेल्या तांदळाच्या करंज्या, तळण, फळं असं सगळं मांडून, नावांचे कागद उभे करून पितरांना बोलवायचं, घरातल्या थोरल्याने पहिला पेला ओतायचा आणि दोन नमस्कार घालायचे. गुडघे टेकून, तळवे जमिनीवर, कपाळ तळव्यांवर, आणि मग कशालाही हात न लावता उठायचं. आमच्या घरात थोरला मी. वडील गेल्यापासून एकही वर्ष चुकलेलं नाही, सकाळच्या पाळीवर असतानासुद्धा नाही. पण या वर्षी त्या कागदांमध्ये एक कागद नवा होता. माझी बायको ओक-बुन मार्चमध्ये गेली. आमच्या घरात नवरा बायकोच्या कागदाला नमस्कार घालत नाही. माझ्या आईच्या कागदासमोर वडील नुसते हात जुळवून ताठ उभे राहिले होते, आणि आजोबाही आजीसमोर तसेच उभे राहिले असं सांगतात. मी मात्र स्मशानातून परत येताना गाडीतच ठरवलं होतं की मी वाकणार. कपाळ टेकणार. मला तिला नमस्कार घालायचा होता आणि तो माझ्या पायांनी घालायचा होता, दोघांनी काखेत हात घालून उठवलेला नव्हे. माझं एवढंच मागणं होतं, आणि ते सकाळी आठ वाजताचं होतं.

तिचा तोल जाताना मी कधी पाहिला नाही. सणाच्या दिवशी ती कुणाच्याही आधी उठायची, आणि मी अंथरुणातून ऐकायचो ते आवाज पाटावर चिरल्या जाणाऱ्या मुळ्याचे, मग तेलाचे, मग भांड्यांच्या झाकणांचे. लग्न होऊन आली तेव्हापासून विधीच्या वेळी ती स्वयंपाकघरातच. बायका पुढे येत नसत. दाराच्या फटीतून तिला दिसायच्या त्या पुरुषांच्या पाठी आणि वाकलो की आमचे मोजे. एकदा, आम्ही इथे अपार्टमेंटमध्ये राहायला आल्यावर, ती सगळं आवरून बसली होती आणि पाय चोळता चोळता म्हणाली, "समोरून कसं दिसतं हो ते सगळं मांडलेलं?" मी म्हटलं, "तूच तर मांडतेस." "मांडताना दिसत नाही. मांडताना काय राहिलं तेवढंच दिसतं," ती म्हणाली आणि चोळत राहिली. या वर्षी ती समोर असणार होती, मांडलेल्याच्या पलीकडच्या बाजूला, पहिल्यांदाच. तिला तिथून काय दिसणार, तर मी आणि माझे सकाळचे पाय. मी रोज दुपारी सराव करत होतो. दिवाणखान्यात सोफा मागे लोटून खाली जायचो, वर यायचो, आणि अगदी गुळगुळीत व्हायचं. सकाळीही करून पाहिला. खाली जाणं जमतं. खाली जाणं कुणालाही जमतं. उठताना एक गुडघा वर घेऊन त्यावर भार दिला की सगळी खोली डावीकडे घसरू लागते आणि मी कुत्र्यासारखा चार पायांवर येतो.

सणाच्या आदल्या संध्याकाळी धाकटा ब्योंग-छिल फोहांगहून आला. त्याच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून तो एकटाच. आम्ही तिघं पुरुष वर्तमानपत्र पसरून चेस्टनट सोलायला बसलो. ते आमच्या घरात पुरुषांचंच काम. ब्योंग-छिल प्रत्येक चेस्टनटला असे पैलू पाडतो की वडील असते तर त्यांनी मान डोलावली असती, आणि हे त्याला माहीत आहे. स्वयंपाकघराच्या जमिनीवर हे-रिम तव्यापुढे बसून तळत होती. माझी बायको नाही, ब्योंग-छिलची बायको नाही, ती एकटीच. मासा, भोपळा, मशरूम, टोफू, एकामागून एक. मी चाकू ठेवला आणि म्हटलं, "उद्याचा विधी आपण दुपारी चारला करू."

ब्योंग-छिलच्या हातातला चेस्टनट तसाच राहिला. "काय करू?"

"चारला करू. दुपारी."

"दादा, तुम्हाला बरं आहे ना?"

"चारला मला बरं असतं. म्हणून तर म्हणतोय."

"पितर सकाळी येतात."

"कुणी सांगितलं? वडिलांच्या तिथीचा विधी पूर्वी मध्यरात्रीनंतर असायचा. आपण दोघं पेंगत बसायचो, आठवतं? मग तुमच्या ऑफिसांसाठी तो संध्याकाळी आठवर आणला. तेव्हा पितर आले की नाही? तू स्वतः म्हणालास, पितर समजून घेतात. ऑफिस समजून घेतात तर पाय नाही समजून घेणार?"

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं? ते तुझ्या सोयीचं होतं."

ग्यू-हान मध्ये पडला. "बाबा, चारला कसं जमेल? आम्हाला काकांबरोबर थडग्यांवर जायचंय, मग किमछनला हिच्या माहेरी. हिचे आई-वडील रात्रीच्या जेवणाला वाट बघतात. रस्ते काय असतात तुम्हाला मी सांगायला हवं का?"

स्वयंपाकघरातून तेलाच्या आवाजावरून हे-रिमचा आवाज आला. "मला चालेल हो चारला. सकाळी जरा झोपेन तरी."

ग्यू-हान हसला. ब्योंग-छिल हसला नाही. त्याने चेस्टनट पाण्यात टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, एवढा हट्ट कशाला? या वर्षी तुम्ही खुर्चीवर बसा, पेला ओता. नमस्कार ग्यू-हान घालेल. आई-बाबा काय म्हणणार आहेत? म्हणतील, थोरल्याचे पाय थकले."

"माझे पाय थकलेले नाहीत. माझे पाय उशिरा उठतात."

"एकच झालं."

"एक नाही झालं!" मी इतका जोरात ओरडलो की तव्यावरचं उलथनं थांबलं. मग, बोलायचं नव्हतं ते मी बोललो. म्हणालो, मला ग्यू-हानच्या आईला नमस्कार घालायचाय. ब्योंग-छिलने चाकू पुसला. तो वाईट माणूस नाही. दवाखान्यात तिच्या पायांशी बसून रडलेला तोच. पण तो म्हणाला, "वहिनींना? आपल्या घरात नवरा घालत नाही दादा. बाबा उभे राहिले होते. तुम्हीही उभे राहा. उभं तर राहता येतं ना सकाळी?" त्याला टोमणा मारायचा नव्हता. तो खरोखरच विचारत होता, आणि त्यानेच मला जास्त झोंबलं. ग्यू-हान उठला आणि कोपऱ्यात ठेवलेली खाकी पिशवी घेऊन आला. आत घडीची खुर्ची होती, पाठीला उशी शिवलेली. त्याने आधीच आणून ठेवली होती.

त्या रात्री झोप आली नाही, आणि पडल्या पडल्या मला एक युक्ती सुचली. ती सांगताना अजूनही माझाच संताप होतो. ड्रायव्हरचं डोकं. पहाटेच्या पाळीला असताना आमची दुपार सकाळी आठलाच व्हायची, बाकीचं शहर तोंड धूत असायचं तेव्हा आम्ही जेवत असायचो. मग म्हटलं, पायांना फसवू. लवकर उठू, चालू, जेवू, म्हणजे आठ वाजता त्यांना वाटेल चार वाजले. मी अंधारातच अपार्टमेंटच्या आवारात फेऱ्या मारत सुटलो, कठड्याला हात लावत लावत. घरी येऊन थंड भात खाल्ला. डुलकी काढून पाहिली, ती लागली नाही. पायांना काही वाटलं नाही. त्यांना घड्याळाशी देणंघेणं नव्हतं, आणि माझ्याशी तर त्याहून नव्हतं. आठ वाजता मी चांगले कपडे घालून उभा होतो तेव्हा नेहमीच्या सकाळपेक्षाही वाईट होतो. त्यात आता गुडघे थरथरत होते.

सगळं मांडलेलं होतं. लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, माशाचं तोंड जिकडे हवं तिकडे. ब्योंग-छिलने चेस्टनटचा मनोरा रचला होता. मागे कागद, आणि शेवटचा कागद तिचा, माझ्याच अक्षरात. खुर्ची उघडून बाजूला ठेवली होती. मी त्या खुर्चीकडे पाहिलंसुद्धा नाही. पेला भरला, उदबत्तीच्या धुरावरून फिरवून ठेवला, मागे सरलो आणि कुणी काही म्हणायच्या आत गुडघे टेकले. कपाळ तळव्यांवर टेकलं तेव्हा जमीन कोमट होती, आणि क्षणभर मला वाटलं की असंच राहावं, उठूच नये, नमस्कार म्हणजे खाली जाणंच असतं, उठणं हा नुसता लोकांचा आग्रह आहे. मग उजवा गुडघा वर घेतला. भार दिला. खोली घसरली. चेस्टनट, सफरचंदं, तिचा कागद, सगळं डावीकडे निघालं, आणि मी कशालाही धरणार नव्हतो, खरंच नव्हतो. पण माझ्या दोन्ही काखांत हात आले. एक ग्यू-हानचा, एक ब्योंग-छिलचा. दोघे तयारच उभे होते. त्यांनी मला उचलून उभं केलं, मग धरून धरून खुर्चीत बसवलं, आणि ब्योंग-छिल अगदी हळू म्हणाला, "बस झालं, दादा." दुसरा नमस्कार ग्यू-हानने घातला, झटक्यात खाली, झटक्यात वर, माणूस खिशातून पडलेली किल्ली उचलतो तसा. तिच्या कागदासमोर मी खुर्चीत बसून होतो. उभा राहिलेला माझा बापसुद्धा माझ्यापेक्षा बरा. स्वयंपाकघराच्या दारात हे-रिमची सावली होती. मग भाताच्या वाटीत चमचा खोवला गेला, पुरुषांनी पाठ फिरवली, पितरांनी जेवायचं तेवढा वेळ गेला, आणि ग्यू-हानने कागद बाल्कनीत नेऊन वाडग्यात जाळले. तिचा कागदही त्यांतच जळला. पाहुण्यांना निरोप देऊन झाला होता.

जेवण कसं गेलं ते मला आठवत नाही. सगळे माझ्याशी फार गोड बोलत होते. ब्योंग-छिलने माझ्या वाटीत माशाचा मोठा तुकडा घातला. मला डोंगरावर थडग्यांपाशी न्यायचं नाही, हे तर आधीच ठरलं होतं. ते दोघे गेले. ग्यू-हान काकांना तिथूनच गाडीत बसवून देणार होता आणि मग हे-रिमला न्यायला परत येणार होता. मी माझ्या खोलीत जाऊन आडवा झालो. मला वाटलं होतं मला रडू येईल, पण रडू आलं नाही, चीड आली, आणि चिडता चिडताच डोळा लागला. जाग आली तेव्हा ऊन पलीकडच्या इमारतीच्या काचांवरून उलटून माझ्या पलंगावर आलं होतं. मी उठून बसलो. पाय खाली सोडले. आणि मला कळलं की ते आलेत. दोन्ही, पूर्ण, टाचेपासून बोटांपर्यंत. उभा राहिलो तर खोली होती तिथेच होती. मी एक पाय उचलला आणि मोजा नीट केला. काही हललं नाही. मला इतका राग आला की मी दातावर दात दाबून त्याच एका पायावर उभा राहिलो, कुणीतरी यावं आणि म्हणावं, बस बस, आजोबा, पुरे.

बाहेर दिवाणखान्यात काहीच उरलं नव्हतं. मांडणीचं टेबल घडी करून सोफ्यामागे, उदबत्तीचं भांडं जागेवर, खुर्ची परत खाकी पिशवीत. सकाळी जिथे तिचा कागद होता तिथे टीव्ही होता. मी टीव्हीसमोर उभा राहिलो आणि टीव्हीला नमस्कार घालण्याइतका मी अजून गेलेलो नाही असं मला वाटलं. ज्यांना आठ वाजता बोलावलं ते आठ वाजता येऊन, जेवून गेले. चार वाजता फक्त माझे पाय आले होते. मग मला स्वयंपाकघरातलं पाणी ऐकू आलं. हे-रिम अजून घासतच होती, पितळेची भांडी, आमच्या घरातली जड भांडी, पाठमोरी, कोपरापर्यंत रबरी हातमोजे. मी तिकडे तोंड केलं, उंबऱ्यापासून जरा अलीकडे, हात कपाळापर्यंत नेले आणि खाली गेलो. गुडघा, दुसरा गुडघा, तळवे, कपाळ. सगळं हळू, सगळं जागेवर. असा नमस्कार मी वडिलांनाही कधी घातला नसेल. आणि तेवढ्यात पाणी बंद झालं, काहीतरी सिंकमध्ये धाडकन पडलं आणि हे-रिम किंचाळली.

"बाबा! अगं बाई, पडले! बाबा!" ती धावत आली आणि ओल्या हातमोज्यांनी तिने माझ्या दोन्ही काखांत हात घातले. "हलू नका! डोक्याला लागलंय का? मी ॲम्ब्युलन्स..."

"सोड!" मी जमिनीवरूनच ओरडलो. "सोड मला! पडलो नाही मी!"

"मग हे काय?"

"नमस्कार घालतोय!"

तिने हात काढले आणि एकदम मागे सरली. "मला?"

"तुला कशाला घालीन? तुझ्या सासूला!"

तिने मागे वळून पाहिलं. सिंक, शेगडी, उपडी घातलेली भांडी. "पण बाबा... तिथे कुठे आहेत त्या?"

"मग ती दुसरीकडे कुठे असायची?" मी म्हटलं. माझा आवाज फुटला आणि मला लाज वाटली नाही. मी अजून गुडघ्यांवरच होतो, सदरा पाण्याने भिजलेला.

तिने एक एक बोट ओढून हातमोजे काढले आणि खुंटीला लावले. केस कानामागे घेतले. मग माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. "तुमचा मी मोडला," ती म्हणाली. "परत पहिल्यापासून घाला. मीही घालते. सकाळी मला कुणी विचारलंच नाही."

"आपल्या घरात बायका..."

"मला नका सांगू, बाबा. हे सगळं तळलं कुणी?"

मी उठलो. कशालाही हात न लावता, एक गुडघा, मग दुसरा, आणि सरळ. मी तिच्याकडे बघितलं, तिने पाहिलं का म्हणून, पण ती स्वयंपाकघराकडे बघत होती. आम्ही बरोबर खाली गेलो. माझे दोन व्हायचे होते. बायकांनी चार घालायचे असतात असं म्हणतात, पण आमच्या घरात कुणा बाईने ते कधी घातलेच नव्हते. माझे दोन झाले आणि मी हात जुळवून उभा राहिलो, आणि ती आपले घालत राहिली, प्रत्येक वेळी जरा जास्त सावकाश उठत. चौथ्याला ती अर्धी उठली आणि तिचा चेहरा पांढरा झाला. पहाटेपासून उभी होती ती, काल संध्याकाळपासून म्हटलं तरी चालेल. तिचा हात हवेत कपाट शोधत होता आणि तिथे कपाट नव्हतं. मी एक पाऊल पुढे टाकून तिला कोपराखाली पकडलं, दुसरा हात पाठीमागे. "अगं!"

"काही नाही बाबा, जरा पायच..."

"पायांचं मला नको सांगूस. टाक भार. टाक सगळा."

तिने टाकला. चांगली जड आहे माझी सून, आणि ती थकून माझ्या खांद्यावर पूर्ण आली. माझे पाय जागचे हलले नाहीत. हे बघायला ना डॉक्टर होता, ना ब्योंग-छिल, आणि जी होती तिचे डोळे मिटलेले. टेबलावर तिचा फोन वाजू लागला. ग्यू-हान खाली गाडीत येऊन थांबला असणार, किमछनचा रस्ता भरत चालला असणार. फोन थांबला, परत वाजला, परत थांबला. तो उचलायला आमच्या दोघांतल्या कुणाचाच हात मोकळा नव्हता.